ताठ बसण्याचा खर्च

रेसिंग सायकलच्या वाकड्या हँडलला हात ठेवायला तीन जागा असतात. एक वरची आडवी नळी, दुसरी ब्रेकच्या लिव्हरवरचा रबरी उंचवटा, आणि तिसरी अगदी खाली, जिथे नळी गोल वळून मागे येते. सगळा थाट या तिसऱ्या जागेचा. दुकानात आलेलं गिऱ्हाईक नकळत हात फिरवतं ते त्याच वळणावर. पण चेन्नईतल्या आमच्या तिरुवान्मियूरवरून रविवारी पहाटे महाबलीपुरमच्या दिशेने जे सायकलींचे घोळके जातात, त्यांत पन्नाशी ओलांडलेला एकही गृहस्थ खाली हात ठेवून चाललेला मी अजून पाहिलेला नाही. हँडलवरची टेप पाहिली तरी कळतं. वरच्या बाजूला घामाने काळी पडलेली, सोललेली. खालच्या वळणावर दुकानातून आणली तशी.

माझ्याकडे ही सायकल आली भाच्याकडून. तो आयआयटी मद्रासला होता. बी. टेक. झालं, जर्मनीत पुढचं शिक्षण ठरलं, आणि निघायच्या आदल्या रात्री तो दोन सुटकेसी, एक प्रेशर कुकर आणि ही सायकल घेऊन आमच्या दारात उभा राहिला. सुटकेसी विमानात गेल्या, कुकर हिने ठेवून घेतला, उरलेली वस्तू माझ्या वाट्याला आली. ॲल्युमिनियमची चौकट, पुढे दोन चकत्या, मागे आठ, एका हाताने जिना चढवता येईल इतकं वजन. "मामा, तू चालव. पडून राहिली तर गंजेल," तो म्हणाला. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसाच्या घरात चालवलेल्या वस्तूही गंजतात, हे त्याला ठाऊक नसावं. आयआयटी गिंडीच्या झाडीत आहे. तिथे हरणं आडवी येतात, खारा वारा येत नाही.

मी चालवू लागलो. ईसीआर, म्हणजे ईस्ट कोस्ट रोड, आमच्या मरुंदीश्वराच्या देवळाजवळून निघतो आणि समुद्राला डाव्या हाताला ठेवत पालवाक्कम, नीलांकरै, इंजम्बाक्कम, उत्तंडी करत मुट्टुकाडूच्या खाडीवरून महाबलीपुरमकडे जातो. प्रवासवर्णनात शोभेल असा रस्ता आहे, पण त्या हँडलवरून मला त्याचं जे दर्शन घडलं ते असं: डांबर, पांढरी रेघ, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह, पुन्हा डांबर. इंजम्बाक्कमला चोळमंडल हे चित्रकारांचं गाव आहे. के. सी. एस. पणिकरांनी १९६६ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते वसवलं. त्याच्या दारावरून मी कितीतरी वेळा गेलो असेन, आणि मला ठळकपणे आठवतं ते तिथलं गटाराचं झाकण. वर बघावं म्हटलं तर मान मागे मोडावी लागते, आणि मान मागे मोडली की हेल्मेटची कड पाठीला टेकते.

मानेचं एक झालं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुट्टुकाडूच्या पुलापर्यंत बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी तळहाताच्या करंगळीकडच्या उशीवर अंगठ्याने दाबलं आणि मी ओरडल्यावर समाधानाने मान हलवली. तिथून अल्नर नावाची नस जाते. हँडलवर शरीराचा भार टाकला की ती चेपते. सायकलवाल्यांचा हा इतका जुना आणि नेमका आजार आहे की वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला हँडलचंच नाव दिलेलं आहे. "भार हातावर येऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. आता भार हातावर यावा अशीच ज्या यंत्राची रचना, त्यावर बसून हे कसं साधायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचा पेशंट आत आला होता.

तर मुळात वाकायचं कशासाठी? वाऱ्यासाठी. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो कापत जायला लागणारी ताकद आठपट. सपाट रस्त्यावर जोरात जाणाऱ्या सायकलवाल्याची बहुतेक मेहनत हवा बाजूला सारण्यातच खर्च होते, आणि हवेला अडवणारा सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे तो स्वतः. म्हणून छाती झाकायची, कोपर आत घ्यायचे. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरची एकेकट्याची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे दोन शिंगं जोडून घेतली, हात जवळ घेऊन त्यांवर पडून राहिला, आणि तीन आठवड्यांची ती सगळी स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकला. हँडलच्या आकाराला इतकं मोल आहे.

पण हे लेमाँडचं. मी ताशी सोळा-सतराच्या वेगाने जातो. या वेगाला हवा विरोध करण्याच्या फंदात पडत नाही. शिवाय माझी शर्यत संपते ती कोवळममधल्या एका उडुपी हॉटेलाच्या दारात, आणि तिथे आठ सेकंद लवकर पोचून उपयोग नसतो. पोंगल अजून कुकरमध्येच असतं. चेन्नईला चढही नाहीत. उंच जागा म्हणजे परंगिमलै, अर्थात सेंट थॉमस माउंट, तीही शंभर मीटरच्या आत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. चेन्नईत फार तर फ्लायओव्हरचा सरदार होता येईल. एक वारा तेवढा खरा. उन्हाळ्यात तो दक्षिणेकडून येतो आणि महाबलीपुरमला जाताना छातीवर बसतो. डिसेंबरात ईशान्येकडून येतो आणि घरी परतताना बसतो. ही म्हणाली, "नाश्त्याला जायला इतकं वाकायचं कशाला?" या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नाही.

आरामात बसूनही वेगाने जाता येतं, हे एकदा सिद्ध झालेलं आहे, आणि त्याचं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९३३ सालच्या जुलैत पॅरिसच्या ट्रॅकवर फ्रान्सिस फोर नावाचा दुसऱ्या फळीतला एक सायकलपटू शार्ल मोशेने बनवलेल्या सायकलवर जवळजवळ उताणा बसला, पाय पुढे करून पेडल मारू लागला, आणि एका तासात ४५ किलोमीटरांच्या थोडा पुढे गेला. एका तासाचा जागतिक विक्रम १९१४ पासून, म्हणजे एकोणीस वर्षं, कुणाला हलवता आला नव्हता; या आरामखुर्चीवाल्याने तो मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेत खूप खल झाला. शेवटी १९३४ मध्ये संघटनेने सायकल म्हणजे काय याची व्याख्या अशी आखली की ती सायकल व्याख्येबाहेर पडली. शर्यतीची सायकल आजही ओणवी आहे ती या ठरावामुळे, आणि तिचं रूप घेऊन आपण भाजी आणायला निघतो.

तेव्हा हँडल बदलायचं ठरलं. वाकडं काढून सरळ, आडवं, माउंटन बाईकला असतं तसं बसवायचं. त्याआधी फुकटातले उपाय करून पाहावेत म्हणून मी अड्यारच्या गल्लीतल्या आमच्या मेकॅनिककडे गेलो. हे साठीचे गृहस्थ आहेत, कपाळावर विभूती, टेबलावर स्पॅनरच्या शेजारी दैनिक 'दिनतंदी'. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला सार म्हणतात. माझं तमिळ आणि त्यांचं हिंदी साधारण एकाच ठिकाणी संपतं, तिथून पुढे बोटं. त्यांनी आधी स्टेम, म्हणजे हँडल जिला धरून असतं ती आडवी मान, उलटी करून लावली. खाली झुकलेली होती ती वर झाली. दीड-दोन सेंटिमीटरांची उंची फुकटात मिळाली. अजून वर? अण्णांनी स्टेम सोडली, चिमट्याची वर येणारी नळी बोटाने दाखवली आणि विचारलं, "हे कुणी कापलं?"

भाच्याने. तरुण मुलं असं करतात. हँडल जितकं खाली तितकं रूप शर्यतीचं, म्हणून ती नळी करवतीने आखूड करून घेतात आणि स्टेमखालच्या चकत्या फेकून देतात. कापलेली नळी वाढत नाही. अण्णांनी त्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. त्याचा अर्थ मी विचारला नाही, भाचा आपला आहे.

आता यापुढचा भाग यंत्राचा आहे, आणि तो मी जरा सविस्तर सांगणार आहे. कारण 'हँडल बदलून घेतो' हे वाक्य जितक्या सहजपणे तोंडातून जातं, तितक्या सहजपणे हँडल बदललं जात नाही.

सायकलींच्या जगात रोड आणि माउंटन ही दोन घराणी आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. वरवर पाहिलं तर जुळावं. हँडलचा मधला भाग, जो स्टेमच्या पकडीत जातो, तो हल्ली दोन्हीकडे ३१.८ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे गोत्र, गाव, सगळं जमलं. मग टोकाकडे जा. वाकड्या हँडलची नळी तिथे २३.८ मिलिमीटर, सरळ हँडलची २२.२. फरक १.६ मिलिमीटरांचा, पण तेवढ्यावर बोलणी फिसकटतात: सरळ हँडलची लिव्हर वाकड्यावर चढत नाही, वाकड्याची सरळवर घट्ट बसत नाही. बरं, नुसत्या ब्रेकच्या लिव्हर बदलून भागावं तर या सायकलींत गिअर बदलायची कळही ब्रेकच्या लिव्हरमध्येच असते. शिमानोने १९९० मध्ये ही सोय आणली आणि तेव्हापासून ती जोडी एकत्र नांदते. एकाला काढलं की दुसराही घर सोडतो. म्हणजे नव्या ब्रेक-लिव्हरही घ्या आणि नवे शिफ्टरही घ्या.

ब्रेकमध्ये आणखी एक पोटभेद आहे. माउंटन बाईकच्या ज्या लिव्हर बाजारात ढिगाने मिळतात त्या व्ही-ब्रेकसाठी असतात. त्या एका दाबात वायर बरीच ओढतात. माझ्या सायकलचे कॅलिपर ब्रेक, त्यांना वायर थोडी आणि जोर जास्त लागतो. विजोड लावून दिली तर लिव्हर दगडासारखी कडक लागते आणि सायकल थांबत नाही. चेन्नईत, जिथे एमटीसीची बस डाव्या बाजूला येण्याआधी सूचना देत नाही, तिथे हा प्रयोग नको. कॅलिपरला चालणाऱ्या सरळ हँडलच्या लिव्हर वेगळ्या मिळतात, जरा शोधाव्या लागतात. आणि त्या मिळाल्या तरी जुन्या वायरी चालत नाहीत, कारण वायरच्या टोकाला धातूची जी गाठ असते ती रोडवाल्यांकडे लांबट, एका बाजूला निमुळती, आणि माउंटनवाल्यांकडे आडवी, छोट्या पिंपासारखी. अण्णांनी दोन्ही टोकं माझ्या तळहातावर ठेवून दाखवली. एवढ्याशा मण्यातही दोन घराण्यांनी आपापला कुळाचार सोडलेला नाही.

गिअरचं म्हणाल तर मागच्या आठांना हरकत नव्हती. आठ गिअरपर्यंत दोन्हीकडचा मागचा हिशेब एकच आहे. अडलं पुढच्या दोन चकत्यांपाशी. तिथे रोडचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारी यंत्रणा, एका मापाने वायर मागतो, माउंटनचा शिफ्टर दुसऱ्या मापाने देतो, आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत राहते. यासाठी सरळ हँडलच्या रोड सायकलींचे खास शिफ्टर असतात, मागवावे लागतात. अण्णा म्हणाले, "वेंडाम सार." नको. मग त्यांनी खाली वाकून एक पत्र्याचा डबा बाहेर ओढला. त्यातून निघाला एक जुना अंगठ्याने ढकलायचा शिफ्टर, ज्याला टिक-टिक नाही, ठरलेल्या जागा नाहीत, नुसतं घर्षण. हवा तेवढा ढकलावा, चेन बसल्याचा आवाज आला की थांबावं. हा कुणाच्याही घराण्यात चालतो. कारखान्यांनी मापं ठरवण्याच्या आधीचा आहे ना.

बाकीचं सामान जॉर्ज टाउनमधल्या रतन बाजारातून आलं. तिथे सायकलीच्या सुट्या भागांची ओळीने दुकानं आहेत. यादी पाहता गंमत वाटली: ज्यासाठी हा सगळा उद्योग, ते हँडल यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू होतं. लिव्हरी, शिफ्टर, आतल्या वायरी, बाहेरचं आऊटर, रबरी ग्रिप, मजुरी असं करत बेरीज जिथे पोचली तिथे अण्णांनी स्वतःच सांगितलं, "सार, एवढ्यात सरळ हँडलची जुनी सायकलच येईल." मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी 'सेरी' म्हणून काम हातात घेतलं. गिऱ्हाईक भावनेच्या भरात असलं की त्याच्याशी हिशेबाने बोलू नये, हे दुकानदारीतलं शहाणपण त्यांच्याकडे आहे.

एक निर्णय मात्र त्यांनी माझ्यावर टाकला. सरळ हँडल येतं ते सत्तर सेंटिमीटरांहून रुंद. डोंगरात दगडांवरून जाताना तेवढा आवाका लागतो. आपल्याला ते ऑटो आणि दुभाजक यांच्यामधून न्यायचं. किती कापू? अण्णांनी हॅकसॉ हातात घेऊन विचारलं, तेव्हा मला भाच्याची नळी आठवली आणि मी म्हटलं, थोडं. त्यांनी थोडं कापलं. मी दोन्ही हात पसरून पाहिले. अजून थोडं. रस्त्यावरून जाणारे दोन ऑटोवाले थांबले. एकाने स्वतःच्या ऑटोचं हँडल दाखवून माप सुचवलं. शेवटी खांद्यांपेक्षा जरा जास्त, साठ सेंटिमीटरांच्या आसपास, सर्वांच्या संमतीने कापणी थांबली.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भाच्याला सायकल दाखवली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, हे तू काय केलंस! रोड बाईकची हायब्रिड केलीस?" 'हायब्रिड' हा शब्द त्याने ज्या स्वरात उच्चारला तो आमच्या आजीने पाव खाण्याविषयी बोलताना लावलेला मी ऐकला आहे. चौकटीची भूमितीच वेगळी असते, हँडल सरळ केलं की पोच कमी होते, सायकल उगीच चपळ वागते, असं त्याने पुष्कळ समजावलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाकड्या हँडलच्या सायकलीची वरची नळी मुद्दाम आखूड ठेवतात, कारण हात पुढे लिव्हरवर जाणार हे गृहीत असतं. सरळ हँडल लावलं की हात जवळ येतात आणि माणूस ताठ होतो. "तेच तर हवं होतं," मी म्हटलं. त्याने मामीला फोन द्यायला सांगितलं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही हा विषय निघाला. मूर्तीपेक्षा जास्त वेळ सायकलवर चर्चा झाली म्हणायला हरकत नाही. तिथे पुण्याहून आलेल्या प्रत्येकाची सायकलविषयी ठाम मतं असतात आणि सायकल कुणाकडेच नसते.

चालवून पाहिल्यावर काय झालं? मान सुटली. हे पहिल्याच फेरीत कळलं. देवळाचं गोपुर दिसलं, नीलांकरैला कोळ्यांची जाळी दिसली, समोरच्या व्हॅनचं दार उघडणार आहे हे दार उघडण्याआधी दिसलं. ब्रेक कायम बोटांखाली असतो, तो धरायला हात हलवावा लागत नाही. गर्दीत चालवणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. चोळमंडलच्या दाराशी थांबलो आणि आत जाऊन शिल्पं पाहून आलो. मुख्यमंत्री असताना स्टालिन २०२१ च्या जुलैत याच रस्त्याने सायकल चालवत महाबलीपुरमच्या बाजूला गेले होते, वाटेत चहाला थांबले, लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. बातम्यांत चहापर्यंत सगळे तपशील आले. हँडलचा आकार कुठल्या वार्ताहराने लिहिल्याचं मला आठवत नाही. मुख्य प्रश्न विचारायचा राहून जातो तो असा.

करंगळी मात्र सुटली नाही. मुट्टुकाडूऐवजी आता ती कोवळमला झोपते, एवढंच. याचं कारण शोधताना मला वाकड्या हँडलची बाजू घ्यावी लागते, आणि मी ती घेतो. उभे राहून हात सैल सोडा: तळवे एकमेकांकडे बघतात. वाकड्या हँडलच्या रबरी उंचवट्यावर हात ठेवले की ते तसेच राहतात. सरळ हँडलवर तळवे जमिनीकडे फिरवावे लागतात, मनगट मुडपतं, आणि तिथे हात ठेवायला जागा एकच. तीन जागांची सायकल मोडून मी एका जागेची केली होती. हातांसाठी हा सौदा तोट्याचाच. मग टोकांना बार-एंड म्हणून छोटी शिंगं बसवावी लागली. म्हणजे वाकडं हँडल काढून सरळ लावायचं आणि त्याला पुन्हा वाकडी टोकं जोडायची. अण्णांनी ती बसवताना चेहरा निर्विकार ठेवला होता. पुढच्या वेळी हवा भरायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी फूटपाथवर टेकवून ठेवलेल्या दूधवाल्याच्या सायकलीकडे हनुवटी केली. "ते हँडल बघा सार."

काळी सायकल, दोन्ही बाजूंना कॅन, कॅरिअरवर पोतं. हँडल मागे वळून चालवणाऱ्याकडे आलेलं. मी मुठी धरून पाहिल्या. तळवे एकमेकांकडे, कोपर अंगाजवळ, पाठ उभी, भार सीटवर. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं आणि कसं करायचं ते सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या गंजक्या नळीत होतं. आणि ही वस्तू याच शहराची. मुरुगप्पा घराण्याने १९४९ साली ब्रिटिश भागीदार घेऊन टीआय सायकल्स काढली, अंबत्तूरला कारखाना टाकला आणि हर्क्युलिस सायकली देशभर गेल्या त्या याच ताठ बसायच्या हँडलवर. त्याच्याही आधी, १८८८ च्या सुमाराला, बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी मुंबईहून सायकली मागवून विकायला सुरुवात केली, तेव्हा चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये होती. त्या काळात पंधरा रुपये म्हणजे कारकुनाचा महिन्याचा पगार गेला असेल. एवढे पैसे देऊन कुणी पाठ दुखवून घ्यायला येत नव्हतं.

आणि सायकलने खरोखर काही घडवून आणलं असेल तर ते याच बैठकीवरून. १९९१ नंतर पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवायची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत तिथे कलेक्टर होत्या. लाखाच्या घरात बाया सायकल शिकल्या. त्यांतल्या कित्येकींनी लेडीज सायकल न घेता मुद्दाम पुरुषी सायकल घेतली, कारण पुढच्या आडव्या नळीवर मूल बसवता येतं. डोक्यावरचा हंडा कॅरिअरवर आला, बाजार जवळ आला. वाऱ्याचा विरोध त्यांनाही होता, गावातल्या पुरुषांचा त्याहून जास्त. पण पुढे मूल आणि मागे हंडा घेऊन खाली वाकता येत नाही.

मी अण्णांना म्हटलं, मग हेच बसवा. ते हसले. या हँडलला खालचा खुंट जोडूनच येतो, ब्रेक दांड्यांचे, नळीची मापं निराळी. माझ्या चौकटीत ते जात नाही. तिसरं घराणं. मात्र याच आकाराचं, मागे वळलेलं, माझ्या स्टेममध्ये बसेल असं हँडल परदेशातून येतं. किंमत ऐकून मी दूधवाल्याच्या सायकलीकडे नव्याने पाहिलं. त्या पैशात ती अख्खी आली असती, कॅनांसकट. अण्णा म्हणाले, मागवू का? मी म्हटलं, बघू. हे 'बघू' अजून चालू आहे.

दरम्यान काढलेलं वाकडं हँडल बाल्कनीत पडून होतं. आमच्या वॉचमनचा मुलगा अकरावीत आहे. तमिळनाडू सरकार अकरावीच्या मुलांना सायकल देतं. २००१ च्या सुमाराला ही योजना गरीब घरच्या मुलींपासून सुरू झाली आणि पुढे मुलांनाही मिळू लागली. तर याला नुकतीच सायकल मिळाली होती, छान ताठ हँडलची. तो दोन-तीनदा बाल्कनीखाली घुटमळला आणि शेवटी आईला पुढे करून त्याने ते वाकडं मागितलं. मी आनंदाने दिलं. तो ते घेऊन अण्णांकडे गेला. अण्णांनी मापं घेतली आणि मला सांगितलेलं सगळं त्यालाही सांगितलं: बसणार नाही, लिव्हर चढणार नाही, खर्च सायकलीएवढा. मुलगा परत आला, हँडल माझ्या दाराशी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याने स्वतःचंच हँडल सोडून उलटं फिरवून बसवलेलं. मुठी खाली, ब्रेक खाली, घंटी पोटाकडे. ब्रेक वायरचे होते म्हणून जमलं. त्याला हे कुणी शिकवलं नसणार. आम्हालाही पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं, आणि तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीचं हँडल उलटं केल्याबद्दल दुकानदाराच्या शिव्या आमच्या सगळ्या आळीने खाल्लेल्या आहेत.

त्याच्या आईची तक्रार माझ्याकडे आली. मागे बसलं की तो पुढे पालथा पडलेला असतो, समोरचं त्याला दिसत नाही, तिलाच 'बस, बस' असं ओरडावं लागतं. तुम्ही मोठे आहात, सांगा त्याला. मी खाली गेलो. मान, करंगळी, नस, पोचलेल्या माणसाचा सगळा अनुभव माझ्या मोडक्या तमिळमध्ये त्याच्यापुढे मांडला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या सरळ हँडलकडे, त्याच्या टोकांवरच्या शिंगांकडे, जुन्या अंगठ्याच्या शिफ्टरकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "सार, याला किती पैसे पडले?"

मी आकडा थोडा कमी करून सांगितला.

"माझं फुकटात झालं," तो म्हणाला आणि पाना शोधायला लागला. उजवी मूठ डावीपेक्षा जरा वर राहिली होती.